विद्युत क्षेत्र आणि गुरुत्वीय क्षेत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावीच्या पुस्तकात गुरुत्वाकर्षण सुरुवातीला येतं आणि स्थिरविद्युत बरंच नंतर. स्थिरविद्युतच्या प्रकरणात सूत्र बघून मुलं म्हणतात, "हे तर आपण शिकलोय!" तिथूनच गोंधळ सुरू होतो, कारण सूत्राचं रूप सारखं असलं तरी ही दोन क्षेत्रं फार वेगळी वागतात. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर आधी वाचलं तरी चालेल. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून बहुतेक ठिकाणी पूर्णांकाच्या जवळ आणले आहेत.

१. ‘क्षेत्र’ म्हणजे नेमकं काय? व्याख्या पाठ आहे, पण डोळ्यांसमोर काहीच येत नाही.

निम्मा घोळ या शब्दानेच होतो. आपण ‘लागवडीखालचं क्षेत्र’ म्हणतो, ‘क्षेत्रफळ’ म्हणतो. त्यामुळे पृथ्वीभोवती कुठेतरी एक कुंपण असावं, त्याच्या आत गुरुत्वाकर्षण आणि बाहेर काही नाही, असं चित्र मनात बसतं. असं कुंपण कुठेच नाही.

भौतिकशास्त्रात क्षेत्र म्हणजे जागेतल्या प्रत्येक बिंदूवर आधीच तयार असलेलं एक उत्तर. प्रश्न असा असतो: "इथे १ किलोग्रॅम वस्तुमान ठेवलं तर त्यावर किती बल लागेल आणि कुठल्या दिशेने?" तुमच्या टेबलावर या प्रश्नाचं उत्तर आहे ९.८ न्यूटन, सरळ खाली. टेबलावर काही ठेवा किंवा ठेवू नका, उत्तर तेच. हे झालं गुरुत्वीय क्षेत्र. विद्युत क्षेत्राचा प्रश्न थोडा वेगळा (प्रभार कूलोममध्ये मोजतात): "इथे धन प्रभार ठेवला तर दर कूलोममागे किती बल लागेल आणि कुठल्या दिशेने?" दोन्ही उत्तरांना किंमत आहे आणि दिशाही आहे, म्हणून दोन्ही क्षेत्रं सदिश राशी आहेत.

‘दर कूलोममागे’ असं मुद्दाम म्हटलं आहे. प्रत्यक्षात कुणी १ कूलोम प्रभार आणून ठेवत नाही. १ कूलोमचे दोन प्रभार १ मीटरवर ठेवले तर त्यांच्यातलं बल सुमारे ९ लाख टन वजनाइतकं होतं. तपासणीसाठी ठेवलेल्या प्रभाराने आजूबाजूचे प्रभारच हलवले, तर मोजायचं काय? म्हणून अगदी चिमुकला प्रभार घ्यायचा, त्यावरचं बल मोजायचं आणि प्रभाराने भागायचं.

२. ९.८ हे गुरुत्वीय त्वरण आहे की गुरुत्वीय क्षेत्र? पुस्तकात दोन्ही दिलंय.

दोन्ही बरोबर. न्यूटन प्रति किलोग्रॅम आणि मीटर प्रति सेकंद वर्ग ही एकाच एककाची दोन रूपं आहेत. विषुववृत्तावर हा आकडा ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ असतो. विद्युत क्षेत्राला मात्र ही सोय नाही. त्याचं एकक न्यूटन प्रति कूलोम, म्हणजेच व्होल्ट प्रति मीटर, आणि ते त्वरण नव्हे. असं का, ते प्रश्न ७ मध्ये.

३. दोन वस्तुमानांमधलं बल आणि दोन प्रभारांमधलं बल, दोन्हींच्या सूत्रांत अंतराचा वर्ग छेदात आहे. हा योगायोग आहे का?

नाही. अंधाऱ्या खोलीत एक उघडा बल्ब लावा. १ मीटरवर जेवढा प्रकाश वहीच्या एका पानावर पडतो, तेवढाच २ मीटरवर चार पानांवर पसरतो, कारण गोलाचं पृष्ठफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. जे काही एका बिंदूपासून सगळ्या दिशांना सारखं पसरतं आणि वाटेत कमी होत नाही, ते अंतराच्या वर्गाने विरळ होणारच. आपल्या अवकाशाला तीन मिती आहेत, त्याचा हा परिणाम.

इतिहासातही दोन्ही नियम शेजारी शेजारी चालले. न्यूटनने १६८७ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडला. कूलोमने १७८५ मध्ये बारीक तारेला पडणारा पीळ मोजून प्रभारांमधलं बल तपासलं. १७९८ मध्ये कॅव्हेंडिशने तसाच पीळ मोजणारा तराजू वापरून, प्रत्येकी १५८ किलोच्या शिशाच्या गोळ्यांनी लहान गोळ्यांना किती ओढलं, ते मोजलं. त्याला त्यातून पृथ्वीची घनता काढायची होती. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. प्रभारांचा व्यस्त वर्गाचा नियमही त्याने कूलोमच्या आधी तपासला होता, पण ते काम वहीतच राहिलं. मॅक्सवेलने त्या वह्या १८७९ मध्ये छापून आणल्या, तेव्हा जगाला कळलं.

४. मग खरा फरक कुठे आहे? परीक्षेत ‘साम्य व भेद’ विचारतात.

परीक्षेसाठी चार-पाच मुद्दे लिहाल, पण एकच नीट समजून घेतलात तर बाकीचे आपोआप सुचतील: प्रभार दोन प्रकारचे असतात, वस्तुमान एकाच प्रकारचं.

वस्तुमान कधी ऋण नसतं. म्हणून गुरुत्वाकर्षण नेहमी जवळच ओढतं आणि जितकी जास्त वस्तू गोळा कराल तितकं ते वाढतच जातं. त्याला रद्द करायला काही नाही. प्रभार मात्र धन आणि ऋण. सारखे प्रभार एकमेकांना दूर लोटतात, विरुद्ध प्रभार ओढतात. त्यामुळे विरुद्ध प्रभार एकमेकांना शोधून जोड्या जमवतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला तिथे काहीच नाही असं वाटतं. क्षेत्र अडवता येणं न येणं (प्रश्न १०), क्षेत्ररेषा कुठे सुरू होतात (प्रश्न ९), विभवाचं चिन्ह (प्रश्न १२), हे सगळं या एका गोष्टीतून निघतं.

दुसरा भेद ताकदीचा. हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यातलं विद्युत बल त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणापेक्षा किती पट मोठं आहे? २ लिहा आणि त्यापुढे ३९ शून्यं द्या. दोन्ही बलं अंतराच्या वर्गानेच कमी होतात, म्हणून हे गुणोत्तर अंतर कितीही घेतलं तरी तेच राहतं. सूत्रातले स्थिरांकच बघा: एक सुमारे ९,००,००,००,०००, दुसरा ०.००००००००००६६७. शेजारी उभ्या असलेल्या ५० किलोच्या दोन माणसांमध्ये १ मीटरवर जे गुरुत्वाकर्षण असतं, ते साखरेच्या एका दाण्याच्या वजनापेक्षाही फार कमी आहे.

५. विद्युत बल एवढं प्रचंड आहे, तर चंद्र-सूर्य-ग्रहांवर गुरुत्वाकर्षणाचंच राज्य का?

कारण पृथ्वीत आणि चंद्रात धन आणि ऋण प्रभार जवळजवळ तंतोतंत सारखे आहेत. ‘जवळजवळ’ म्हणजे किती, ते हिशेब करूनच बघा. वर्गात हे गणित मी दरवर्षी फळ्यावर सोडवते, आणि उत्तर आलं की वर्ग शांत होतो.

समजा पृथ्वी आणि चंद्र या दोघांवर सारख्याच चिन्हाचा सारखाच प्रभार आहे. किती प्रभार असला म्हणजे त्यांच्यातलं अपकर्षण गुरुत्वाकर्षणाला पुरून उरेल आणि चंद्र मोकळा होईल? दोन्ही बलं समान ठेवली की अंतर दोन्हीकडून निघून जातं. पृथ्वीचं वस्तुमान ५.९७ × १० चा २४वा घात किलोग्रॅम, चंद्राचं ७.३५ × १० चा २२वा घात. सोडवलं की प्रत्येकावर सुमारे ५७ लाख कोटी कूलोम येतात. आकडा भीतिदायक वाटतो. आता तो इलेक्ट्रॉनच्या संख्येत आणि मग वस्तुमानात बदला: सुमारे ३२५ किलो इलेक्ट्रॉन. एका धष्टपुष्ट म्हशीचं वजनही याहून जास्त भरतं. अख्ख्या पृथ्वीवरून आणि अख्ख्या चंद्रावरून एवढेसे इलेक्ट्रॉन काढून घेतले, तर चंद्र पृथ्वीला बांधलेला राहणार नाही.

तसं होत नाही, कारण एवढा प्रभार साठायला लागला की तोच विरुद्ध प्रभाराला ओढून आणतो आणि स्वतःला मिटवून टाकतो. जे बल जास्त ताकदवान, तेच स्वतःला झाकून घेतं. मागे उरतं ते दुबळं पण कधीच रद्द न होणारं गुरुत्वाकर्षण.

६. अगदी बारीक वस्तूंच्या बाबतीत कोण जिंकतं?

बहुतेक वेळा वीज. चंद्रपूर किंवा कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात दगडी कोळसा जळतो, तेव्हा धुराबरोबर पिठासारखी राख वर जाते. तिचे कण इतके बारीक असतात की नुसत्या वजनाने खाली बसायला फार वेळ लागेल, तोवर ते चिमणीतून बाहेर पडतील. म्हणून धूर धातूच्या उंच पत्र्यांमधून नेतात. पत्र्यांच्या मधल्या तारांना हजारो व्होल्टचा ऋण दाब दिलेला असतो. राखेच्या कणांवर प्रभार बसतो, विद्युत क्षेत्र त्यांना पत्र्यांकडे ओढतं आणि थर जमतो. मग पत्र्यांवर हातोडीसारखे ठोके देतात. जमलेल्या थराचे ढेकूळ सुटतात, आणि ते पुरेसे जड असल्यामुळे गुरुत्वाकर्षणाने खालच्या नरसाळ्यात पडतात. सुट्या कणाचं काम विजेने केलं, ढेकळाचं वजनाने.

७. हलकी-जड सगळी वस्तुमानं सारख्याच त्वरणाने पडतात. मग विद्युत क्षेत्रात इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन सारखे का पळत नाहीत?

या प्रश्नाचं उत्तर पूर्ण कळलं तर अर्धं भौतिकशास्त्र कळलं, असं मी मनापासून मानते.

कुठलीही वस्तू क्षेत्रात ठेवली की दोन गोष्टी ठरतात. क्षेत्र तिला किती जोराने पकडतं, आणि ती हलायला किती विरोध करते. विद्युत क्षेत्रात पकड ठरते प्रभारावरून आणि विरोध ठरतो वस्तुमानावरून. या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांचा प्रभार सारख्याच मापाचा, चिन्ह उलटं. म्हणून एकाच क्षेत्रात दोघांवर सारखंच बल, दिशा विरुद्ध. पण प्रोटॉन १८३६ पट जड, म्हणून इलेक्ट्रॉनचं त्वरण १८३६ पट.

गुरुत्वीय क्षेत्रात मात्र पकडही वस्तुमानावरून आणि विरोधही वस्तुमानावरूनच. दुप्पट जड दगडाला पृथ्वी दुप्पट जोराने ओढते, पण तो दगड हलायला विरोधही दुप्पट करतो. वस्तुमान वर-खाली कटतं आणि त्वरण फक्त क्षेत्रावर अवलंबून राहतं. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं. तिथे हवा नाही, दोन्ही एकदम जमिनीला टेकले.

पकडणारं वस्तुमान आणि विरोध करणारं वस्तुमान एकच का असावं? न्यूटनच्या नियमांत याचं कारण नाही, ते नुसतं गृहीत धरलेलं आहे. फ्रान्सच्या ‘मायक्रोस्कोप’ उपग्रहाने टायटॅनियम आणि प्लॅटिनमचे ठोकळे अवकाशात पडू देऊन हे तपासलं. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अंतिम निष्कर्षात १ च्या पुढे १५ शून्यं एवढ्या भागांत सुमारे एक भाग इतक्या बारकाईपर्यंत फरक सापडला नाही. पुढची गोष्ट प्रश्न १८ मध्ये.

८. कागदाच्या कपट्यांवर प्रभार नसतो, तरी कंगवा त्यांना कसा ओढतो?

कपट्यावर एकूण प्रभार शून्य असतो, पण आत धन आणि ऋण दोन्ही असतात. कोरड्या केसांतून फिरवून ऋणप्रभारित झालेला कंगवा जवळ आणला की कागदाच्या रेणूंमधले ऋण प्रभार किंचित लांब सरकतात आणि कंगव्याच्या बाजूला धन प्रभार वर येतो. धन भाग जवळ, ऋण भाग लांब. जवळचं आकर्षण लांबच्या अपकर्षणापेक्षा थोडं जास्त, म्हणून कपटा उडी मारतो. क्षेत्र जर सगळीकडे सारखंच असतं, तर प्रभार सरकले असते, पण कपटा जागचा हलला नसता.

प्रयोग करताना कपट्यांकडे नीट बघा. काही कपटे चिकटतात, क्षणभर थांबतात आणि ताडकन बाजूला उडतात. चिकटल्यावर त्यांच्यावर कंगव्याचाच प्रभार चढलेला असतो, म्हणून तो त्यांना झिडकारतो. आणि केसांना तेल नको. आमच्या कोकणात जुलैमध्ये मी हा प्रयोग वर्गात दाखवायला गेले आणि एकही कपटा हलला नाही. दमट हवेत पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावरून निघून जातो. तेव्हापासून हा प्रयोग मी डिसेंबरसाठी राखून ठेवते.

जवळ जास्त आणि लांब कमी, हीच गोष्ट गुरुत्वाकर्षणात भरती-ओहोटी घडवते. चंद्राकडच्या बाजूचं पाणी चंद्राच्या जवळ, म्हणून त्यावर ओढ जास्त. पलीकडच्या बाजूला पृथ्वीच्या मध्यापेक्षाही ओढ कमी. या तफावतीने समुद्र दोन्ही बाजूंना ताणला जातो, म्हणून बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते.

९. प्रभारित कण क्षेत्ररेषेवरूनच जातो ना?

नाही. उत्तरपत्रिकांत ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते. रेषा बलाची दिशा दाखवते, जाण्याची वाट दाखवत नाही. मैदानावर चेंडू तिरका फेका. गुरुत्वीय क्षेत्ररेषा सरळ खाली आहेत, पण चेंडू कमान करून जातो, कारण हातातून सुटताना त्याला आडवा वेग मिळालेला असतो. कण स्थिर अवस्थेतून सोडला आणि रेषा सरळ असेल, तरच तो तिच्यावरून जाईल.

या रेषांची कल्पना मायकेल फॅरडेची. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या, गणिताचं फारसं शिक्षण नसलेल्या या माणसाने मोकळ्या वाटणाऱ्या जागेत काहीतरी आहे, हे आधी ओळखलं. विद्युत क्षेत्ररेषा धन प्रभारावर सुरू होतात आणि ऋण प्रभारावर संपतात. गुरुत्वीय रेषा वस्तुमानावर फक्त संपतात; त्या सुरू व्हायला ऋण वस्तुमान लागेल, आणि ते नाही. रेषा दाट तिथे क्षेत्र जोरदार. दोन रेषा कधी छेदत नाहीत, कारण एका जागी बलाला दोन दिशा असू शकत नाहीत.

१०. विद्युत क्षेत्र अडवता येतं, मग गुरुत्वाकर्षण अडवणारा पडदा का बनवता येत नाही?

धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. बाहेरून क्षेत्र आलं की ते सरकतात, एका बाजूला ऋण आणि दुसऱ्या बाजूला धन प्रभार गोळा होतो, आणि या प्रभारांचं उलट क्षेत्र आतल्या क्षेत्राला पूर्ण मिटवतं. फॅरडेने १८३६ मध्ये धातूने मढवलेली मोठी खोली बांधून आत बसून हे दाखवलं. वीज पडताना पत्र्याचं छप्पर असलेली बंद कार सुरक्षित असते ती याच कारणाने. रबरी टायरमुळे नव्हे.

गुरुत्वाकर्षण मिटवायला ऋण वस्तुमान हवं. ते नसल्यामुळे मध्ये जो कुठला पडदा लावाल, तो स्वतःचं आकर्षण वर आणखी मिळवेल.

११. पृथ्वीच्या केंद्रात गुरुत्वाकर्षण किती? पोकळ गोळ्याच्या आत शून्य, हे दोन्हीकडे खरं आहे का?

एकसारख्या पोकळ गोळ्याच्या आत त्याचं स्वतःचं क्षेत्र शून्य असतं, हे दोन्हीकडे खरं. व्यस्त वर्गामुळे जवळच्या लहान भागाची ओढ आणि पलीकडच्या मोठ्या भागाची ओढ बरोबर रद्द होते. पण हे प्रश्न १० पेक्षा वेगळं आहे. तिथे बाहेरचं क्षेत्रही मिटतं. इथे गोळ्याबाहेर दुसरी वस्तू ठेवली तर तिचं गुरुत्वाकर्षण आत येणारच.

पृथ्वीच्या केंद्रात क्षेत्र शून्य, कारण सगळीकडून सारखीच ओढ. दाब मात्र शून्य नाही. वरच्या सगळ्या थरांचं ओझं तिथे येतं आणि दाब आपल्या हवेच्या दाबाच्या सुमारे ३६ लाख पट होतो. पुस्तकातला आलेख केंद्रापासून पृष्ठभागापर्यंत सरळ चढतो, तो घनता सगळीकडे सारखी मानून काढलेला आहे. खऱ्या पृथ्वीचा गाभा खूप दाट आहे. म्हणून खाली जाताना सुमारे २९०० किलोमीटरपर्यंत क्षेत्र फारसं कमी होत नाही. गाभ्याच्या कडेला ते जवळजवळ १०.७ होतं आणि तिथून पुढे घसरतं. परीक्षेत पुस्तकातलाच आलेख काढा, पण खरं काय तेही माहीत असू द्या.

१२. क्षेत्र शून्य असेल तिथे विभवही शून्य असतो का?

नाही. विभव म्हणजे त्या जागी दर किलोग्रॅममागे किंवा दर कूलोममागे असलेली स्थितिज ऊर्जा. विभव म्हणजे उंची आणि क्षेत्र म्हणजे उतार, असं समजा. कासच्या पठारावर उभे राहा. पायाखाली जमीन सपाट, उतार जवळजवळ शून्य. पण उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर. दोन सारख्या धन प्रभारांच्या बरोबर मध्ये असंच असतं: क्षेत्र शून्य, विभव शून्य नाही. उलट एक धन आणि तेवढाच एक ऋण प्रभार घेतला, तर मध्यबिंदूवर विभव शून्य आणि क्षेत्र जोरदार. डोंगरावरून दरीत उतरताना वाटेत कधीतरी समुद्रसपाटीची उंची येते, पण तिथे उतार असतोच.

अनंत अंतरावर विभव शून्य धरला की गुरुत्वीय विभव सगळीकडे ऋण येतो. म्हणजे गुरुत्वाच्या नकाशात फक्त दऱ्या आहेत. विद्युत विभवाच्या नकाशात दऱ्याही आहेत आणि डोंगरही. आणखी एक: क्षेत्रांची बेरीज दिशा धरून करावी लागते, विभवांची साध्या आकड्यांसारखी होते. म्हणून अवघड गणितात आधी विभव काढा, मग उतार.

१३. मोकळ्या मैदानात दर मीटरला १०० व्होल्ट असतात असं वाचलं. मग डोक्यापासून पायापर्यंत दीडशे व्होल्ट असून झटका का बसत नाही?

वाचलेलं खरं आहे. निरभ्र दिवशी जमिनीजवळ सुमारे १०० व्होल्ट प्रति मीटर एवढं विद्युत क्षेत्र असतं, दिशा खाली. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एकूण सुमारे ५ लाख कूलोम ऋण प्रभार आहे. जगभर कुठे ना कुठे वादळं चालू असतात आणि ती हा प्रभार भरत राहतात, नाहीतर तो तासाभराच्या आत हवेतून झिरपून गेला असता.

पण आपलं शरीर हवेच्या तुलनेत उत्तम वाहक आहे. तुम्ही उभे राहिलात की अंगातले प्रभार सरकतात आणि डोकं व पाय एकाच विभवावर येतात. शिवाय एका चौरस मीटर हवेतून वाहणारी धारा म्हणजे एका अँपिअरचे लाख कोटी भाग केले तर त्यातले जेमतेम दोन. झटका धारेने बसतो, आणि इथे धाराच नाही.

१४. आभाळ भरून आलं की अंगावरचे केस उभे राहतात, हे याच क्षेत्रामुळे का? तेव्हा काय करावं?

हो. हे उत्तर कृपया घरात मोठ्याने वाचून दाखवा.

वादळी ढगाच्या खालच्या भागात बहुधा ऋण प्रभार जमतो. त्याच्याखाली जमिनीजवळचं क्षेत्र नेहमीच्या शंभर व्होल्ट प्रति मीटरवरून हजारोंत जातं आणि दिशा उलटते. टोकदार, उंच वस्तूंजवळ ते आणखी वाढतं. साधारण ३० लाख व्होल्ट प्रति मीटरला कोरडी हवासुद्धा टिकाव धरत नाही आणि ठिणगी पडते. केस उभे राहिले, त्वचेवर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर तुमच्याजवळ वीज पडण्याची वेळ अगदी जवळ आली आहे.

ताबडतोब पक्क्या घरात किंवा बंद कारमध्ये जा. झाडाखाली थांबू नका. विळा, कुदळ, लोखंडी काठीची छत्री हातातून टाका, विहिरीच्या आणि तळ्याच्या पाण्यातून बाहेर या. जवळ काहीच आसरा नसेल तर दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. पाय जुळवायचे, कारण वीज जमिनीत शिरली की जमिनीवरच आजूबाजूला विभवांतर तयार होतं. दोन पाय लांब असतील तर एका पायातून शिरून दुसऱ्यातून धारा बाहेर पडते. झाडाखाली बांधलेली गाय-बैलं अशानेच दगावतात. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, आणि हृदय वाटेत. विदर्भ-मराठवाड्यात मृगाच्या आधी, पेरणीच्या तयारीच्या दिवसांत, दरवर्षी माणसं आणि जनावरं विजेने जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं. शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असावं.

१५. अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं का?

भरपूर असतं. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर क्षेत्र साधारण ८.७ न्यूटन प्रति किलोग्रॅम, म्हणजे जमिनीवरच्या जवळजवळ नऊ-दशांश. स्थानक आणि आतली माणसं सारख्याच त्वरणाने पडत असतात (कारण प्रश्न ७), म्हणून पायाखाली दाब जाणवत नाही. आडवा वेग इतका असतो की पडता पडता पृथ्वीची गोलाई खाली वळत जाते.

१६. प्रतिद्रव्याचा प्रभार उलटा असतो. मग ते वर ‘पडतं’ का?

प्रतिद्रव्य म्हणजे नेहमीच्या कणांच्या उलट्या प्रभाराच्या जुळ्या कणांचं द्रव्य. प्रभार उलटा असतो, वस्तुमान नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या अल्फा गटाने प्रतिहायड्रोजनचे अणू चुंबकीय सापळ्यात धरले, हळूच सोडले आणि २०२३ मध्ये जाहीर केलं की ते खालीच पडतात. प्रतिहायड्रोजन निवडण्याचं कारण प्रश्न ४ मध्ये आहे. सुटा प्रतिप्रोटॉन घेतला असता, तर आसपासच्या जराशा विद्युत क्षेत्रानेही त्याच्या वजनाचा परिणाम झाकून टाकला असता. प्रतिहायड्रोजनवर एकूण प्रभार शून्य असतो.

१७. सूर्य आत्ता नाहीसा झाला तर पृथ्वीला लगेच कळेल का?

सूर्य असा नाहीसा होऊ शकत नाही, पण प्रश्नाचा गाभा चांगला आहे: क्षेत्रातला बदल किती वेगाने पोचतो? न्यूटनच्या सूत्रात वेळच नाही, म्हणजे लगेच. प्रत्यक्षात दोन्ही क्षेत्रांतले बदल प्रकाशाच्या वेगाने जातात, म्हणजे सूर्यापासून आपल्यापर्यंत सुमारे ८ मिनिटं २० सेकंद. क्षेत्र नुसता हिशेबाचा शब्द नाही, ते खरं आहे, असं म्हणतात ते यासाठीच. हललेल्या प्रभारापासून निघालेली लाट वाटेत असताना ऊर्जा कुठे असते? क्षेत्रात.

विद्युत क्षेत्राच्या लाटा रोजच्या आहेत. प्रकाश आणि मोबाइलचे संदेश त्याच आहेत. गुरुत्वीय लाटा फार दुबळ्या. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी त्या पहिल्यांदा थेट पकडल्या. तेव्हा ४ किलोमीटरच्या भुजांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या रुंदीच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या धडकेची गुरुत्वीय लाट आणि गॅमा किरण सुमारे १.७ सेकंदांच्या फरकाने पोचले, आणि वाट होती जवळजवळ १३ कोटी प्रकाशवर्षांची. तशीच वेधशाळा, लायगो-इंडिया, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. मराठवाड्यातल्या मुलांनी हा प्रश्न विचारला की मला विशेष आनंद होतो.

१८. आईनस्टाईनच्या मते गुरुत्वाकर्षण हे बल नाही, अवकाशाची वक्रता आहे. मग आम्ही शिकतो ते सगळं चूक का?

चूक नाही, ठरावीक मर्यादेत बरोबर आहे. प्रश्न ७ मध्ये उरलेला धागा इथे पकडा. प्रत्येक वस्तू गुरुत्वाकर्षणात सारखीच पडते, मग ती लोखंडाची असो वा पिसाची. आईनस्टाईनने १९१५ मध्ये याचा अर्थ असा लावला की पडण्याची रीत वस्तूची नसून जागेची आणि काळाची आहे. वस्तुमान अवकाशकाळाला वाकवतं आणि वस्तू त्या वाकलेल्या अवकाशकाळातल्या सरळात सरळ वाटेने जातात. विद्युत क्षेत्राबद्दल असं म्हणता येत नाही, कारण तिथे इलेक्ट्रॉनची वाट वेगळी, प्रोटॉनची वेगळी आणि न्यूट्रॉन तर सरळच निघून जातो. जागा एकच असताना वाटा तीन.

क्षेत्र दुबळं आणि वेग कमी असेल, तर आईनस्टाईनचं उत्तर न्यूटनच्या उत्तराशी जुळतं. दगड, धरणाचं पाणी, चंद्र, बहुतेक यानं यांना न्यूटन पुरतो. बुध ग्रहाची कक्षा दर शतकाला ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जास्त सरकते, ते त्याला सांगता आलं नाही. आणि जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं, तिथलं दुबळं गुरुत्व आणि त्यांचा वेग या दोन्हींचा एकत्र हिशेब केला तर, जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसातच नकाशावरची तुमची जागा काही किलोमीटरने चुकेल.